मानसशास्त्र शिकलेल्यांनी पहिले काम कोठे शोधावे?

पदवी परीक्षांचे निकाल लागले, की माझ्या दवाखान्यात औषधासाठी येणाऱ्यांबरोबर सल्ला विचारणाऱ्यांचीही गर्दी होते. अलीकडे त्यात एक नवा प्रश्न वारंवार कानी येतो. "डॉक्टरसाहेब, पोरीनं बी.ए.ले सायकॉलॉजी घेतली जी. आता इले नोकरी कुठी लागन?" विचारणारे वडील शेतकरी असतात, रेल्वेत असतात, नाहीतर गंजात अडतीच्या दुकानावर हिशेब लिहीत असतात. मुलगी शेजारी मान खाली घालून बसलेली असते. तिलाही उत्तर माहीत नसते.

या सदरात एरवी आपण ताप, रक्तदाब, मधुमेह यांविषयी बोलतो. मग नोकरीचा विषय येथे कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण असे, की हा प्रश्न जितका पोटापाण्याचा, तितकाच आपल्या भागाच्या आरोग्याचा आहे. छातीत धडधड, हातापायाला मुंग्या, झोप नाही, अंगात कळा, अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या अनेक रुग्णांचा कार्डिओग्राम आणि रक्ताच्या तपासण्या चांगल्या येतात. दुखणे मनाचे असते. त्यांच्याशी अर्धा तास शांतपणे बोलेल असा प्रशिक्षित माणूस तालुक्याच्या गावी क्वचितच मिळतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर शंभर प्रौढांपैकी सुमारे दहा-अकरा जणांना कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला, आणि त्यांतील बहुतेकांना उपचार मिळत नव्हते. एका बाजूला असे रुग्ण आणि दुसऱ्या बाजूला हाताला काम नसलेले मानसशास्त्राचे पदवीधर, अशी आपली स्थिती आहे. या दोघांची गाठ कशी पडेल, ते आज पाहू.

आधी नावे नीट समजून घ्या

लोक तीन वेगळ्या माणसांना एकच समजतात. पहिला मानसोपचारतज्ज्ञ. हा डॉक्टर असतो. एम.बी.बी.एस. होऊन त्याने पुढे मानसोपचाराचे शिक्षण घेतलेले असते व तो औषधे लिहून देतो. मानसशास्त्रात बी.ए. किंवा एम.ए. केल्याने मानसोपचारतज्ज्ञ होता येत नाही.

दुसरा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, म्हणजे ज्याला आपण क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणतो. तो मानसिक चाचण्या घेतो, बोलण्यातून उपचार करतो, औषधे देत नाही. त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. या परिषदेचा कायदा १९९२ चा आहे. नोंदणी नसताना पुनर्वास व्यावसायिक म्हणून काम करणे हा या कायद्याने गुन्हा असून त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे.

तिसरा समुपदेशक. शाळेत, रुग्णालयात, व्यसनमुक्ती केंद्रात, दूरध्वनी सेवेवर लोकांचे ऐकून घेणे, त्यांना मार्ग शोधायला मदत करणे आणि गरज पडल्यास पुढे पाठवणे हे त्याचे काम. मानसशास्त्राच्या बहुतेक पदवीधरांची पहिली नोकरी या तिसऱ्या प्रकारात मिळते. हे आरंभीच स्पष्ट झाले, की पालकांची निराशा टळते आणि मुलांच्या हातून कायद्याबाहेरचे कामही होत नाही.

आपल्याच जिल्ह्यातला दाखला

"खेड्यापाड्यांत असले काम चालत नाही, ते पुण्या-मुंबईला," असे म्हणणाऱ्यांसाठी आपल्या अमरावती जिल्ह्यातलेच उदाहरण आहे. गेल्या दशकात येथील ३० गावांमध्ये 'विश्राम' नावाचा उपक्रम राबवला गेला. शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भाचे नाव देशभर झाले होते, त्या पार्श्वभूमीवर हे काम उभे राहिले. त्याची रचना साधी होती. गावातलेच प्रशिक्षित कार्यकर्ते घरोघरी जाऊन बोलत व उदास, खचलेली माणसे ओळखत. त्यांच्यावर समुपदेशक, आणि आजार जास्त असेल तर शेवटी मानसोपचारतज्ज्ञ.

या कामाचा अहवाल २०१७ साली 'लॅन्सेट सायकिअॅट्री' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. नैराश्य असलेल्या शंभर जणांपैकी आधी जेमतेम ४ जण मदत घेत होते. दीड वर्षानंतरच्या पाहणीत ही संख्या २७ वर गेली. आत्महत्येचे विचार मनात येऊन गेलेल्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. ही आधीची व नंतरची पाहणी आहे, त्यामुळे सगळे श्रेय एकट्या उपक्रमाला देता येणार नाही. पण गावातली साधी माणसे नीट शिकवली तर हे काम करू शकतात, एवढे त्यावरून नक्की दिसते. अशा कामात मानसशास्त्राच्या पदवीधराची जागा मधल्या पायरीवर, म्हणजे समुपदेशकाची आहे.

अनुभव कोठे घ्यावा?

नोकरी देणारा पहिला प्रश्न अनुभवाचा विचारतो, आणि नोकरी नसताना अनुभव आणायचा कोठून, हे कोडे सर्व मुलांना पडते. त्याचे उत्तर शिकतानाच शोधले पाहिजे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात एम.ए.च्या पहिल्या वर्षात कार्यप्रशिक्षणाचे ४ श्रेयांक आले आहेत. एका श्रेयांकाला ३० तास धरले तर हे १२० तास होतात. रोज तीन तास गेले तर चाळीस दिवस. पुष्कळ मुले हे तास ओळखीच्या संस्थेचा शिक्का आणून कागदावर पूर्ण करतात. असे करणारा विद्यार्थी स्वतःचेच नुकसान करतो, कारण मुलाखतीत "तुम्ही तेथे काय पाहिले?" असे विचारल्यावर त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही नसते.

आपले धामणगाव रेल्वेमार्गावर आहे, हा मोठा फायदा. एका बाजूला बडनेरा-अमरावती, दुसऱ्या बाजूला पुलगाव-वर्धा आणि पुढे नागपूर. मासिक पास काढून जाण्यायेण्याजोगी ठिकाणे अशी :

१) ग्रामीण रुग्णालय. शासकीय रुग्णालयांत एच.आय.व्ही.साठी समुपदेशन व चाचणी केंद्रे चालतात आणि किशोरवयीन मुलामुलींसाठीही समुपदेशन असते. आपल्या भागातल्या केंद्राचे दिवस आणि वेळा रुग्णालयातच विचारून घ्याव्यात. तेथील समुपदेशकाजवळ बसून चाचणीपूर्वी व चाचणीनंतर कसे बोलतात, ते पाहावे. वाईट बातमी कशी सांगावी, हे पुस्तकात वाचून येत नाही.

२) अमरावतीचे जिल्हा सामान्य रुग्णालय, म्हणजे आपले इर्विन. देशात राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला व त्यातून १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. या कार्यक्रमाच्या पथकात मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक व परिचारिका अशा जागा असतात. २०१५ पासून शासनाने विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत शेतकरी कुटुंबांसाठी 'प्रेरणा' प्रकल्पही घेतला होता. त्यात आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊन खचलेली माणसे शोधत.

३) वर्ध्याजवळ सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान आणि सावंगी मेघे येथील वैद्यकीय महाविद्यालय. दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहेत. गावोगावचे रुग्ण येथे येतात, त्यामुळे आजारांची विविधता पाहायला मिळते.

४) नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय. ठाणे, येरवडा व रत्नागिरी यांच्याबरोबरचे हे राज्यातले जुने शासकीय मनोरुग्णालय. तीव्र आजार कसा असतो आणि बरे झालेल्या माणसालाही घरचे लोक न्यायला का येत नाहीत, हे येथे कळते.

५) जवळच्या संस्था. मतिमंद व बहुविकलांग मुलांच्या शाळा, वृद्धाश्रम, व्यसनमुक्ती केंद्रे. तपोवन हे डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली अमरावतीत उभे केलेले कुष्ठरुग्णांचे सेवाकेंद्र. आजारापेक्षा समाजाने टाकल्याचे दुःख किती मोठे असते, ते अशा ठिकाणी काम केल्याशिवाय समजत नाही.

ज्यांना महिनाभर बाहेर राहणे शक्य आहे, त्यांनी पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र (स्थापना १९८६), ठाण्याची डॉ. आनंद नाडकर्णी यांची इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ (१९९०) आणि पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीचा मानसशास्त्र विभाग येथे पत्र लिहून विचारावे. मराठीतून चालणारे काम तेथे पाहायला मिळेल, आणि उद्या आपल्याला मराठीतूनच काम करायचे आहे.

अर्ज कसा करावा?

नुसते जाऊन "काही काम आहे का?" असे विचारू नये. शासकीय ठिकाणी प्राचार्यांच्या पत्रासह लेखी अर्ज द्यावा. ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे, जिल्हा रुग्णालयात जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे. विषय एका ओळीत लिहावा : "मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यास अनुभवासाठी परवानगी मिळणेबाबत." खाली आपला वर्ग, कोणत्या तारखेपासून किती दिवस व रोज किती तास येऊ शकता, आणि तुम्हाला काय शिकायचे आहे, एवढेच चार ओळींत लिहावे. रुग्णांविषयीची माहिती बाहेर सांगणार नाही, असे एक वाक्य अवश्य घालावे. एक प्रत आवक शिक्क्यासह स्वतःजवळ ठेवावी. आठ-दहा दिवसांत उत्तर न आल्यास पुन्हा जाऊन विचारावे. शासकीय कार्यालयात अर्ज नाकारला जाण्यापेक्षा फायलीत पडून राहण्याचा संभव अधिक असतो.

काम सुरू झाल्यावर एक वही करावी. रुग्णाचे नाव न लिहिता त्या दिवशी काय पाहिले, कोणता प्रश्न पडला, वरिष्ठांनी काय सांगितले, ते रोज लिहावे. मुलाखतीला जाताना प्रमाणपत्रापेक्षा या वहीचा उपयोग जास्त होतो.

काय शिकून यावे?

डॉक्टर या नात्याने मी मुलांना चार गोष्टी सांगतो.

पहिली, ऐकणे. रुग्ण बोलत असताना मध्येच उपदेश सुरू करू नये. "मन खंबीर करा" हे वाक्य रुग्णाने घरी शंभर वेळा ऐकलेले असते.

दुसरी, शरीर विसरू नये. थायरॉइडची कमतरता, रक्तक्षय, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव यांतही माणूस थकलेला, उदास, विसराळू होतो. बाळंतपणानंतरची उदासी वेगळी, दारू अचानक सोडल्यावरची बडबड व थरथर वेगळी. ही बडबड जिवावर बेतू शकते व तिला रुग्णालयच लागते. म्हणून समुपदेशनाला बसलेल्या माणसाची आधी डॉक्टरांकडून तपासणी झाली आहे ना, हे विचारण्याची सवय लावावी.

तिसरी, गुप्तता. लहान गावात सगळे एकमेकांना ओळखतात. एखाद्याची गोष्ट घरी जेवताना सहज सांगितली, तरी दुसऱ्या दिवशी ती बाजारात जाते. मग त्या गावात कोणी पुन्हा समुपदेशकाकडे येणार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही रुग्णाला गुप्ततेचा हक्क दिला आहे. या नियमाला एक मर्यादा आहे. जीव धोक्यात असेल तर वरिष्ठांना व घरच्यांना सांगावेच लागते.

चौथी, आत्महत्येविषयी सरळ विचारणे. "जीव द्यावासा वाटतो का?" असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. उलट कोणीतरी विचारले म्हणून माणसाला हलके वाटते. उत्तर 'होय' असेल तर त्याला एकटे सोडू नये, घरातली फवारणीची औषधे कुलपात किंवा घराबाहेर ठेवायला सांगावीत आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. फोन मोफत असून मराठीत बोलता येते. हा क्रमांक वाचकांनीही लिहून ठेवावा.

पगारी नोकऱ्या कोणत्या?

आरोग्य खात्याच्या कंत्राटी जागा ही पहिली वाट. एच.आय.व्ही. केंद्रातील समुपदेशक, किशोर आरोग्याचे व तंबाखूमुक्तीचे समुपदेशक, लहान मुलांच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रातील मानसशास्त्रज्ञ, टेलि-मानसचे समुपदेशक अशा जागांच्या जाहिराती निघतात. काहींना पदवी व अनुभव चालतो, काहींना मानसशास्त्र किंवा समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी लागते. प्रत्येक जाहिरातीतली अट वाचावी. महिला व बालविकास खात्याच्या पीडित महिलांसाठीच्या 'सखी' केंद्रांतही समुपदेशक लागतात. या नोकऱ्या कायम नसतात आणि पगारही फार नसतो, हे मान्य. पण दोन वर्षांत शेकडो माणसांशी बोलण्याचा जो सराव होतो, तो पुढे कोठेही उपयोगी पडतो.

दुसरी वाट शाळा-महाविद्यालयांची, आणि ती आता रुंद होण्याची चिन्हे आहेत. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात निकाल देताना, १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक नेमावा, असे निर्देश दिले. त्यात मुलांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण असावे, असे म्हटले आहे. म्हणून बालमानसशास्त्राचा अनुभव आतापासून घेतलेल्यांना त्याचा लाभ होईल. आपल्या गावातही शाळा, महाविद्यालये व शिकवणी वर्ग पुष्कळ आहेत. मुख्याध्यापकांना भेटून आठवड्यातून दोन दिवस येण्याची तयारी दाखवावी. पूर्ण पगाराची जागा आज नसली तरी मानधनावर सुरुवात होऊ शकते.

शासनाने २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना काढली. तीत पदवीधरांना महिना १०,००० रुपये विद्यावेतन ठरवले होते. शिक्षण चालू असलेल्यांसाठी ती नव्हती. सध्या नोंदणी चालू आहे किंवा कसे, हे अमरावतीच्या कौशल्य विकास व रोजगार कार्यालयात विचारून घ्यावे.

फसवणुकीपासून सावध

गरजू मुले दिसली की त्यांना लुबाडणारेही येतात. पंधरा दिवसांची 'इंटर्नशिप' देण्यासाठी हजारो रुपये घेणारे आणि मोबाइलवर चार व्याख्याने ऐकवून 'प्रमाणित मानसोपचारक' असा कागद देणारे पुष्कळ आहेत. पैसे भरण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत. तेथे प्रत्यक्ष रुग्ण किंवा विद्यार्थी पाहायला मिळतील का? आणि माझ्या कामावर कोण देखरेख करील, त्याची नोंदणी आहे का? उत्तर गोलमाल मिळाले तर परत फिरावे.

पदव्यांचे नियमही बदलले आहेत. घरबसल्या पदवी घेण्याचा मार्ग आपल्याकडच्या अनेक मुलींनी धरला होता. पण विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्रासह आरोग्याशी संबंधित विषयांचे दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीचे नवे प्रवेश बंद केले. तसेच चिकित्सालयीन मानसशास्त्राच्या एम.फिल.ला २०२५-२६ या वर्षापर्यंतचीच मुदत दिली होती. पुनर्वास परिषदेने आता नवे अभ्यासक्रम आणले आहेत. कोणत्याही महाविद्यालयात पैसे भरण्याआधी परिषदेच्या मान्यताप्राप्त यादीत त्याचे नाव आहे का, हे स्वतः पाहावे. जुन्या माहितीवर विसंबून घेतलेला प्रवेश दोन-तीन वर्षे आणि घरचे पैसे दोन्ही वाया घालवतो.

पालकांना चार शब्द

"पागल लोकायच्या संगतीत राहून पोरगी बिघडन," अशी भीती काही आया बोलून दाखवतात. मानसिक आजार संसर्गाने पसरत नाहीत. कामाचा ताण मात्र येतो. म्हणून मुलगी संध्याकाळी घरी आल्यावर तिला थोडे बोलू द्यावे. रुग्णांची नावे मात्र विचारू नयेत. पहिल्या दोन वर्षांत मोठ्या पगाराची अपेक्षा ठेवू नये. आणि लग्न जुळवताना "ती मनोरुग्णांत काम करते" हे लपवू नये. परिचारिका झालेल्या मुलीविषयी आपण जितक्या सहज सांगतो, तितक्याच सहज सांगावे.

शेवटी माझ्या व्यवसायबंधूंना व मुख्याध्यापकांना विनंती. आपल्या गावात मानसशास्त्र शिकणारी मुले आहेत. दवाखान्यात किंवा शाळेत एक खुर्ची, पडद्याआडची थोडी जागा आणि आठवड्यातले दोन तास त्यांना द्यावेत, व त्यांनी पाहिलेल्या प्रत्येक रुग्णाविषयी त्यांच्याशी पाच मिनिटे बोलावे. आणि विद्यार्थ्यांनी निकालाची वाट पाहत न बसता याच आठवड्यात प्राचार्यांकडून पत्र घेऊन पहिला अर्ज द्यावा. अर्ज करताना काही अडचण आली तर संध्याकाळी दवाखान्याच्या वेळात येऊन मला खुशाल विचारावे.